ऑफिस सुटल्यावर बेली डान्स: अगदी नवीन असाल तर इथून सुरू करा

दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्या, तिशी-चाळिशीतल्या, आयुष्यात कधी स्टेजवर न चढलेल्या माणसांना बेली डान्स शिकायचा असेल तर नक्की काय काय करायचं ते एकदाच सगळं लिहून ठेवतेय, कारण कोणी ना कोणी विचारतंच आणि मी प्रत्येक वेळी तेच तेच सांगत बसते. मी पुण्यात अकाउंट्समध्ये आहे, मार्च एंडिंगला घरी किती वाजता येईन याचा भरवसा नसतो, तरी हा छंद टिकलाय, तेव्हा वेळ नाही हे कारण मला सांगू नका.

आधी एक गोष्ट क्लिअर करते. पोट कमी करायचंय म्हणून येणार असाल तर जिम लावा, चाला, जेवणाकडे बघा. इथे घाम येतो, कंबर मोकळी होते, पाठ सरळ होते हे सगळं खरं, पण "महिन्यात इतके इंच" वगैरे जे बॅनर लागतात ना ते सोडून द्या. याची मजा वेगळ्या ठिकाणी आहे. दिवसभर आपण अंग आवळून बसलेलो असतो, खांदे कानाला टेकलेले, जबडा घट्ट, पोट आत ओढलेलं, आणि हा नाच नेमकं उलटं मागतो. शिमी नावाची जी थरथर तुम्ही बघितली असेल ती जोर लावून येतच नाही, स्नायू सैल सोडला की येते, म्हणजे जितकी जास्त धडपड तितकं ते लाकडासारखं दिसणार. नोकरीत आपल्याला सगळीकडे जोर लावायची सवय लागलेली, त्यामुळे हे डोक्याला पटायलाच वेळ लागतो, आणि ज्या दिवशी पटतं त्या दिवशी क्लासमधून घरी येताना माणूस उगाचच हसत असतो. शिवाय इथे अप्रेझल नाही, टार्गेट नाही, तुम्ही कसे नाचता यावर कोणाचंही काही अडलेलं नाही. मोठ्यांच्या आयुष्यात अशी जागा किती उरते सांगा.

हे आलं कुठून, थोडक्यात

बेली डान्सच्या बऱ्याच शैली आहेत, तुर्की वेगळी, लेबनीज वेगळी, अमेरिकेत तयार झालेली ट्रायबल अजून वेगळी, पण नवशिक्यांनी इजिप्शियनपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे कारण त्यात उड्या-गिरक्या कमी आणि संगीताकडे लक्ष जास्त. इजिप्तमध्येही याचे दोन चेहरे. एक घरातला: लग्न असतं, साखरपुडा असतो, बायका बायका जमतात, कोणीतरी कमरेला स्कार्फ बांधते आणि जागच्या जागी नाचायला लागते, मावश्या-आज्या टाळ्या वाजवतात, हा बलदी. दुसरा स्टेजवरचा, त्याला रक्स शर्की म्हणतात, आणि तो आज दिसतो तसा घडला कैरोच्या नाइटक्लबांमध्ये. सिरियातून आलेल्या बदिया मसाबनी या बाईने १९२६ मध्ये कैरोत स्वतःचा क्लब काढला, तिथे मोठा ऑर्केस्ट्रा आला, मोठं स्टेज आलं, मग जागच्या जागी नाचणं पुरेना म्हणून स्टेजभर फिरणं आलं, हात उंच गेले. तहिया कारियोका आणि सामिया गमाल या दोघी तिच्याच तालमीतल्या, पुढे दोघी इजिप्शियन सिनेमाच्या मोठ्या स्टार झाल्या. चमचमती ब्रा, बेल्ट आणि स्कर्ट असा जो बेदला नावाचा पोशाख आपल्या डोळ्यांसमोर येतो तो याच क्लब-सिनेमाच्या काळात रुळलेला, फार पुरातन वगैरे काही नाही.

आणि मानाचं म्हणाल तर तिथेही गोंधळच आहे. १८३४ मध्ये इजिप्तचा तेव्हाचा शासक मुहम्मद अली पाशाने धंदेवाईक नर्तकींना कैरोतून हाकलून थेट दक्षिणेला वरच्या इजिप्तमध्ये पाठवलं होतं. आजही लग्नात नर्तकी हवी, घरात सून म्हणून नको, असा कारभार. लावणीचं आपल्याकडे काय झालं ते ज्याला ठाऊक आहे त्याला हे वेगळं समजावून सांगायला नको. १९५९ मध्ये नर्तक महमूद रेदाने आपला ट्रूप काढला, खेड्यापाड्यांतले नाच थिएटरवर आणले, फरीदा फहमी त्याची मुख्य नर्तकी, त्यानंतर सुशिक्षित घरांमधूनही लोक या नाचाकडे जरा वेगळ्या नजरेने बघायला लागले. एवढा इतिहास सध्या पुरे, पण तो माहीत असू द्या, कारण पुढे कोणी "हे असलं काय शिकतेस" म्हटलं की उपयोगी पडतो.

पायरी पहिली: आधी ऐका

क्लास लावायच्या आधी दोन आठवडे फक्त संगीत ऐका. लोक ही पायरी हमखास गाळतात आणि मग सहा महिन्यांनी म्हणतात की स्टेप्स येतात पण नाच दिसत नाही.

सुरुवात ढोलापासून करा. आपण ज्याला दरबुका म्हणून ओळखतो त्या पेल्याच्या आकाराच्या वाद्याला इजिप्तमध्ये तबलाच म्हणतात, म्हणून यूट्यूबवर शोधताना "इजिप्शियन तबला सोलो" असं टाका, नुसतं तबला सोलो टाकलंत तर झाकिरभाई येतील, तेही ऐका पण आत्ता ते नकोत. या वाद्याचे दोन मुख्य आवाज, मधला भारी तो दुम आणि काठावरचा टणक तो तक. बहुतेक गाण्यांना पुरतील असे तीन ताल आधी पाठ करा, तिन्ही आठ घरांचे, आडव्या रेघेच्या जागी थांबायचं:

मकसूम: दुम तक – तक दुम – तक –
बलदी: दुम दुम – तक दुम – तक –
सईदी: दुम तक – दुम दुम – तक –

बघा, मकसूम आणि बलदीत फक्त दुसऱ्या घराचा फरक आहे, तकचा दुम झाला की सगळा ताल जड, जमिनीला धरून चालल्यासारखा होतो. सईदीत ते दोन दुम मधोमध येतात, तिथे काठीचा नाच असतो. केरवा कानात बसलेल्या माणसाला ही आठ घरं लगेच सापडतात, हा आपल्याला मिळालेला फायदा आहे, तो घ्या. पीएमटीत, लोकलमध्ये, मीटिंगमध्ये म्यूटवर असताना मांडीवर उजव्या हाताने दुम आणि डाव्याने तक वाजवत बसा. तोंडाने बोलता आलं पाहिजे, बोलता आलं की कंबर आपोआप ऐकायला लागते.

मग गाण्यात एक जागा येते जिथे ताल थांबतो किंवा मागे जातो आणि एकटं ऊद किंवा कानून (ही तंतुवाद्यं), नाय (बासरी) किंवा अकॉर्डियन वाजतं. त्याला तकसीम म्हणतात, आलापासारखी जागा. तिथे ठोके नाहीत म्हणून नवशिके गडबडतात, पण तिथेच सावकाश, वळणदार हालचाली करायच्या असतात. एवढं कळलं तरी अर्ध काम झालं: ठोका ऐकू आला की ठोक्याची हालचाल, सूर लांबला की लांब हालचाल, आणि कानून तुरूतुरू वाजलं की शिमी.

गाण्यांपैकी इजिप्तची थोर गायिका उम्म कुल्सूम एकदा तरी ऐकाच. महिन्याच्या पहिल्या गुरुवारी रात्री तिची मैफल रेडिओवर असायची आणि सगळा अरब मुलूख कान लावून बसायचा. तिचं १९६४ चं "इन्ता ओमरी", संगीत मोहम्मद अब्देल वहाबचं, मैफलीत तासाच्या आसपास चालायचं. त्याच्या सुरुवातीच्या वाद्यसंगीतावर नाचायची रीत रुळली, आणि तिच्या गाण्यांवर नाचण्यात सुहैर झकीचं नाव मोठं. हे नाचायला पहिल्या वर्षी घेऊ नका, पण भांडी घासताना लावा. आणि एक सांगून ठेवते, अरबी गाणं नाचायला घेण्याआधी त्याचा अर्थ शोधा. अरबी कानावर पडलं की सगळंच पार्टीचं वाटतं, त्यात एखादं देवाचं असतं, एखादं दुःखाचं असतं, आणि त्यावर आपण दात काढून कंबर उडवत असतो.

पायरी दुसरी: क्लास निवडणं

पुण्या-मुंबईत आता क्लास मिळतात, लहान शहरात नसेल तर ऑनलाइन आहेतच. फी शहराप्रमाणे बदलते, साधारण बऱ्या जिमच्या महिन्याच्या फीच्या आसपास धरून चला, आणि पहिल्यांदा एकाच महिन्याची भरा. सहा महिन्यांचं पॅकेज घेतलं तर डिस्काउंट, असं म्हणतात, म्हणू देत. आधी ट्रायल क्लास मागा.

ट्रायलला काय बघायचं? वॉर्मअप नीट होतो का, की आल्या आल्या कोरिओग्राफी. टीचर गुडघे आणि पाठीबद्दल बोलते का. कुठला ताल चालू आहे ते सांगते का. आपण नाचतोय ती शैली इजिप्शियन की तुर्की की फ्युजन हे तिला स्वतःला माहीत आहे का, विचारून बघा, चांगली टीचर या प्रश्नाने खूश होते. पोश्चर सुधारायला हात लावायच्या आधी विचारते का. आणि मधून मधून "आता दोन मिनिटं तुमचं तुम्ही नाचा" असं म्हणते का, कारण हा नाच मुळात उत्स्फूर्त आहे, नुसती पाठ केलेली कोरिओग्राफी म्हणजे त्यातला गंमतीचा भागच काढून टाकल्यासारखं. पूर्ण तास हिंदी आयटम साँगवर कंबर हलवणार असाल तर तोही टाइमपास आहे, माझी काही हरकत नाही, पण त्याला बेली डान्स म्हणून पैसे मोजू नका.

जमीन बघा. लाकडी किंवा रबरी असेल तर उत्तम, नुसती गुळगुळीत टाइल असेल तर टाचा आणि गुडघे दुखतात. आरसा मोठा हवा. क्लासची वेळ अशी घ्या की ऑफिसमधून थेट जाता येईल, घरी जाऊन चहा पिऊन मग निघू म्हटलं की तुम्ही निघालात! हिंजवडीतून निघणाऱ्यांनी शनिवार-रविवारचीच बॅच घ्यावी, संध्याकाळी साडेसहाच्या क्लासला तिथून वेळेत पोचलेला माणूस मी अजून बघितलेला नाही.

ऑनलाइन घेत असाल तर लॅपटॉप जमिनीवर नाही, कंबरेच्या उंचीला ठेवा, डोक्यापासून पायापर्यंत तुम्ही दिसले पाहिजेत, आणि मागून उजेड येईल असं उभं राहू नका, नाहीतर टीचरला नुसती सावली हलताना दिसते आणि ती बिचारी "छान, छान" म्हणत राहते.

पायरी तिसरी: कपडे

काहीही विकत घेऊ नका, एक वस्तू सोडून. घरातली लेगिंग्ज आणि अंगाबरोबरचा टी-शर्ट चालतो, कुर्ता नको कारण कंबर दिसत नाही, पलाझो नको कारण गुडघे दिसत नाहीत, आणि सुरुवातीला टीचरला तुमचे गुडघेच बघायचे असतात. स्पोर्ट्स ब्रा घाला. पाय उघडे, मोजे घातले की पाय घसरतो. पोट उघडं ठेवायची काहीही गरज नाही, टी-शर्टला बाजूला गाठ मारली तरी पुरतं, आणि खुद्द इजिप्तमध्ये स्टेजवरच्या नर्तकीला पोटावर जाळी लावायचा नियम आहे, मग तुम्हाला कोण बोलतंय.

ती एक वस्तू म्हणजे हिप स्कार्फ, शिफॉनचा, ज्याला नाणी लावलेली असतात. हा नटण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी आहे. हालचाल बरोबर ठोक्यावर पडली की नाणी एकदम वाजतात, उशिरा पडली की विस्कटून वाजतात, म्हणजे आरसा न बघताही कळतं. बांधायचा कमरेवर नाही, त्याच्या खाली, दोन्ही बाजूंची जी हाडं हाताला लागतात त्यांच्यावर, आणि गाठ एका बाजूला. स्वस्तातला घेतलात तर पहिल्याच आठवड्यात नाणी गळतात, फ्रिजखाली, सोफ्याखाली, मुलांच्या बुटात, घेतल्या घेतल्या जाड दोऱ्याने एकदा टाके मारून ठेवा. घरी रात्री प्रॅक्टिस करायची असेल तर नाण्यांचा नको, झालरीचा किंवा साधी ओढणी घ्या, फ्लॅटमध्ये खालच्या मजल्यावर माणसं राहतात.

पायरी चौथी: उभं राहायला शिका

हसू नका. पहिले दोन-तीन क्लास यातच जातात आणि गेले पाहिजेत.

पावलं कंबरेच्या रुंदीएवढी लांब, एकमेकांना समांतर, बोटं बाहेर वळलेली नकोत. गुडघे किंचित सैल, वाकलेले नाही, फक्त कुलूप काढलेले. माकडहाड जमिनीकडे सोडा, म्हणजे कंबरेत मागे जो खड्डा पडतो तो कमी होतो, पण ढुंगण पुढे ढकलायचं नाही, नुसतं सोडायचं. छातीचा पिंजरा वर उचललेला, खांदे खाली, मान लांब. हात बाजूला उचलले तर कोपरं पडलेली नकोत. आता श्वास घ्या. इथे बहुतेक जण श्वास धरून बसलेले असतात, टीचरने सांगितल्यावर आठवतं.

खुर्चीत बसून बसून आपल्या मांड्यांचे पुढचे स्नायू आखडलेले असतात, त्यामुळे माकडहाड खाली सोडलं की मांडीत ओढ लागते. हे सगळ्यांना होतं. वॉर्मअपमध्ये लंजेस नीट करा, जमल्यास दुपारी ऑफिसमध्येही उठून एकदा करा, कोणी बघितलं तर पाठ दुखतेय म्हणा, खोटं तर नाहीच ते.

पायरी पाचवी: पहिल्या हालचाली

या नाचाचा पाया म्हणजे एक भाग हलवायचा आणि बाकीचे शांत ठेवायचे. जात्याची खालची तळी जागेवर असते आणि वरची फिरते, तसं, फक्त इथे कधी खालचं फिरतं आणि वरचं थांबतं. छाती आणि कंबर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शरीराला माहीतच नसतं, त्यामुळे सुरुवातीला कंबर हलवायला गेलं की खांदेही निघतात. आरशासमोर दोन्ही हात खांद्यांवर ठेवा, हाताला खांदे शांत लागले पाहिजेत.

हिप लिफ्ट आणि हिप ड्रॉप. उजवी टाच उचला, वजन डाव्या पायावर, उजव्या पायाचा फक्त चवडा जमिनीला. आता उजवा गुडघा थोडा सरळ केला की उजवी कंबर वर जाते, सैल केला की खाली पडते. एवढंच. कंबर कंबरेने उचलायची नाही, गुडघ्याने उचलायची, हे कळलं नाही तर बाजूचे स्नायू दुखायला लागतात. आणि ड्रॉप म्हणजे खाली ढकलणं नाही, पडू देणं. वर म्हटलेला मकसूम लावा आणि प्रत्येक दुमवर एक ड्रॉप टाका, फक्त दुमवर, तकला काही करायचं नाही. गप्प राहणंच जास्त अवघड जातं.

फिगर एट. कंबरेने जमिनीला समांतर आठ काढायचा, इंग्रजी आठ बरं का, आपला ८ नव्हे, तो काढलात तर एका बाजूला अडकून पडाल. उजवी बाजू पुढे, बाजूने गोल मागे, मधून पार होऊन डावी बाजू पुढे, गोल मागे. सावकाश. हाच आठ उभा काढला, कंबर वर, बाहेर आणि मग खाली, की त्याला माया म्हणतात, तो दिसायला सगळ्यात देखणा आणि शिकायला सगळ्यात चिवट. टाचा जमिनीवरच राहिल्या पाहिजेत.

गोल, छातीचे स्लाइड, सापासारखे हात, कॅमल नावाची अंगातून जाणारी लाट, हे सगळं क्लासमध्ये ओघाने येईलच, त्यावर इथे लिहून काही उपयोग नाही, बघूनच शिकायच्या गोष्टी आहेत. हातांबद्दल इतकंच की ते खांद्यातून निघतात, मनगटातून नाही.

शिमीबद्दल मात्र लिहिते. सरळ उभे राहा, गुडघे सैल, आणि एकामागून एक गुडघे पुढे-मागे करा, उजवा, डावा, उजवा, डावा, अगदी हळू, सेकंदाला एक. कंबरेकडे लक्ष देऊ नका, ती आपोआप वर-खाली होईल. मग दुप्पट वेगाने. मग अजून. एका वेगाला पोचलं की तुम्ही अडखळता, मांड्या घट्ट होतात, दात आवळले जातात, तिथे वेग वाढवायचा नाही, तिथे थोडं कमी करून ढुंगणाचे स्नायू सैल सोडायचे, हात लावून बघा, घट्ट लागले तर शिमी अडकलेलीच असणार, मऊ लागले की थरथर मांडीवरून स्वतःची स्वतः पोटापर्यंत चढते आणि मग स्कार्फची नाणी वेगवेगळी न वाजता सलग एक आवाज देतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं केवढी मेहनत, आतून मात्र जवळजवळ काहीच करत नसल्यासारखं वाटतं. हे एका दिवसात येत नाही. काहींना महिन्यात येतं, काहींना वर्ष लागतं, आणि जाड-बारीक असण्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट मांडीला मांस असलेल्यांची शिमी जास्त छान दिसते हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पायरी सहावी: घरची प्रॅक्टिस

रोज दहा मिनिटं, आठवड्यातून एकदा तास नव्हे. वेगळा वेळ काढायला जाऊ नका, सापडणार नाही. कुकर लावला की तीन शिट्ट्या होईपर्यंत शिमी, हा माझा हिशोब, वरण-भाताला पुरतो, राजम्याच्या दिवशी मांड्या भरून येतात. दात घासताना हिप ड्रॉप. लिफ्टमध्ये एकट्या असाल तर छातीचे स्लाइड, पण आधी कॅमेरा आहे का बघून घ्या, आमच्या सोसायटीत आहे आणि वॉचमनकाका हल्ली जरा जास्तच अदबीने गुड मॉर्निंग म्हणतात.

पंधरा दिवसांनी एकदा मोबाइलवर स्वतःचा व्हिडिओ काढा, कोणाला पाठवू नका, एकदा बघा, एकच गोष्ट सुधारायची ठरवा आणि डिलीट मारा. पुन्हा पुन्हा बघत बसलात तर नाचायची इच्छा जाते.

दुखण्याचं: दुसऱ्या दिवशी कंबरेच्या बाजू, मांड्या, पोटाच्या कडा दुखणं ठीक आहे. गुडघ्यात किंवा पाठीच्या खालच्या मणक्यांत चमक आली तर थांबा, बहुतेक वेळा गुडघे लॉक केलेले असतात किंवा कंबरेतून मागे वाकलेलं असतं. स्लिप डिस्कचा त्रास असेल, नुकतं सिझेरियन झालं असेल, प्रेग्नन्सी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि डिलिव्हरीनंतर पोटाचे स्नायू मधून फाकलेले असतील तर फिजिओला दाखवल्याशिवाय कॅमल वगैरे पोटाच्या हालचाली करू नका. पाळीत बरं वाटत असेल तर नाचा, नसेल तर पडून उम्म कुल्सूम ऐका.

पायरी सातवी: घरचे, दारचे आणि ऑफिस

सांगायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. मी घरी सांगितलं, सासूबाईंनी एकच विचारलं, "त्याने कंबर दुखायची थांबते का गं?" आणि मग त्याही लिव्हिंग रूममध्ये फिगर एट काढायला लागल्या, त्यांचा माझ्यापेक्षा गोल येतो, आयुष्यभर दळण-कांडण केलेल्या बाईची कंबर आहे ती.

ऑफिसमध्ये मात्र जपून. तिथे कळलं की वार्षिक कार्यक्रमाच्या कमिटीचे लोक "आपल्याकडे काहीतरी हॉट हवंच होतं" असं म्हणत येतात, आणि ते हसत हसत म्हणतात म्हणून आपणही हसायचं असतं की काय असं वाटायला लागतं. नाही म्हणायचं. "हे माझं ऑफिसबाहेरचं आहे" एवढं एक वाक्य तयार ठेवा, कारणं द्यायला बसू नका, कारण दिलं की त्यावर तोडगा काढतात. छंद ऑफिसमध्ये नेला की तिथेही कोणीतरी मार्क द्यायला बसतं. रीलचंही तेच. टाकायची असेल तर तुमची टाका, पण क्लासमधल्या मागच्या रांगेतल्या बाईला विचारल्याशिवाय टाकू नका, तिने घरी झुंबा सांगितलेलं असू शकतं.

आणि पुरुषांनो, तुम्हीही या. इजिप्तच्या तितो सैफने या नाचात जगभर नाव कमावलंय, महमूद रेदाचा उल्लेख वर आलाच. काही बॅच फक्त बायकांसाठी असतात, त्याला कारणं आहेत, म्हणून आधी फोन करून विचारा.

पायरी आठवी: सहा महिन्यांनंतर

तोवर व्हेल (नाचताना फिरवायची ओढणी), काठी, झांजा यातलं काही हातात घेऊ नका, हात भरले की कंबर विसरते. नंतर पहिली झांजच घ्या, सगात म्हणतात त्यांना, दोन्ही हातांच्या अंगठ्यात आणि मधल्या बोटात घालायच्या, आधी बसून वाजवायच्या, मग चालत, मग नाचत. काठी म्हणजे असाया, वरच्या इजिप्तमधल्या सईद भागातली. तिथे पुरुषांचा तहतीब नावाचा लाठीचा खेळ आहे, २०१६ मध्ये युनेस्कोने वारशाच्या यादीत घेतलेला, त्याचीच थोडी थट्टा करत बायका काठी फिरवतात, त्यामुळे तिथे तोंड गंभीर ठेवायचं नसतं. अंगावर बेदला नाही, गलाबिया नावाचा लांब झगा घालतात.

एकटीने नाचायची लाज वाटत असेल तर ट्रायबल शैली बघा. कॅरोलिना नेरिचिओने १९८७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत ट्रूप काढून ती घडवली. चार-पाच जणी एकत्र, कोरिओग्राफी ठरलेली नाही, पुढची इशारा देते आणि बाकीच्या तेच उचलतात, मग पुढची बदलते. छान प्रकार आहे, फक्त तो इजिप्शियन नाही हे लक्षात ठेवा.

इजिप्शियनच करायचं असेल तर इम्प्रोव्हायझेशनला लागा. चार मिनिटांचं एक गाणं, फक्त तीन हालचाली, ड्रॉप, आठ आणि शिमी, बाकी काहीही नाही. दुसऱ्याच मिनिटाला वाटतं की आता काय करू, तिथे नवीन स्टेप शोधू नका, गाण्यात काय चाललंय ते ऐका, काहीतरी बदललेलं असतंच.

बऱ्याच क्लासमध्ये वर्षातून एखादा हाफ्ला होतो, म्हणजे घरगुती मैफल, विद्यार्थी आणि त्यांची माणसं. तिथे नाचायचं ठरवलंत तर पाठ केलेलं थोडं आणि मोकळं थोडं असं मिसळून घ्या, गाणं चार मिनिटांच्या वर नको. प्रेक्षकांत असाल तर आपल्या शास्त्रीय मैफलीसारखं गप्प बसू नका, इथे टाळ्यांनी ताल धरायचा, ओरडायचं, बायका जीभ हलवून झगरूता काढतात ती यायला लागली तर फारच भारी. तुमच्याबरोबर येणाऱ्या नवऱ्याला, आईला, मैत्रिणीला हे आधी सांगून ठेवा, नाहीतर ते हाताची घडी घालून बसतात आणि तुम्हाला स्टेजवरून वाटतं काहीतरी चुकलं. पर्समध्ये सेफ्टी पिना मूठभर, जास्तीचे हुक, सुई-दोरा, पाण्याची बाटली आणि गाणं पेन ड्राइव्हवरही आणि मोबाइलवरही. साउंडवाल्याकडे ब्लूटूथ चालेल असं तो छातीठोक सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नका.